मिसिंग इंटरप्ट : हरवलेला, चुकलेला की हुकलेला?

ऐरोलीकर : ऑफिसातल्या नव्या मुलांसाठी ड्रायव्हर कोडवर (ड्रायव्हर म्हणजे डिव्हाइस चालवणारा प्रोग्राम) मराठीत टिपण लिहितोय. इंटरप्ट म्हणजे 'हातातलं टाक, इकडे बघ' असा डिव्हाइसने प्रोसेसरला दिलेला इशारा. तो पोचलाच नाही तर 'मिसिंग इंटरप्ट'. त्याला 'हरवलेला व्यत्यय' लिहिलं, तर शेजारच्या टेबलावरची सहकारी खो-खो हसली. दुसरं काय लिहू?

घणसोलीची : हसणारच! व्यत्यय म्हटलं की दूरदर्शनची 'व्यत्ययाबद्दल क्षमस्व' ही पाटी आठवते. इथे तो आला नाही म्हणून रडारड आहे. इंटरप्ट तसाच ठेवा. आणि हरवलेली वस्तू शोधली तर सापडते, हा कुठला सापडायला? ठाण्याला जिना उतरेपर्यंत वाशी लोकल सुटली, तर गाडी 'हुकली' म्हणतो ना? तसं.

जुना ठाणेकर : 'हुकला'ला माझं मत. पण लेव्हल ट्रिगरवाला सहसा हुकत नाही. बेलवर बोट दाबून धरलेला पाहुणा तो, दार उघडेपर्यंत वाजवणार. एज ट्रिगरवाला किंवा एमएसआय (तारेऐवजी संदेशाने येणारा इंटरप्ट) म्हणजे एकदा टिंग करून जिना उतरणारा कुरियरवाला. खरी गोम पुढे आहे. नेटवर्क कार्डाच्या ड्रायव्हरने आलेल्या पॅकेटांची रांग रिकामी पाहिली आणि मग तोवर बंद ठेवलेला इंटरप्ट चालू केला. या दोहोंच्या मधल्या फटीत पॅकेट आलं, तर काही कार्डं पुन्हा टिंग करतच नाहीत. म्हणून चालू केल्यावर रांगेत परत एकदा डोकवायचं.

ऐरोलीकर : आमचं दुखणं एनव्हीएमई डिस्कचं (एसएसडीची एक जात). वाचायची-लिहायची रिक्वेस्ट ३० सेकंद लटकते, मग लिनक्सच्या लॉगमध्ये 'टाइमआउट, कम्प्लीशन पोल्ड'. म्हणजे ड्रायव्हरने कंटाळून स्वतःच झालेल्या कामांची रांग पाहिली, तर काम केव्हाच झालेलं!

जुना ठाणेकर : मग काम बुडालं नाही, वर्दी चुकली. 'अग्निशमन दलाला वर्दी मिळताच' हे पेपरात वाचतोच की. (वर्दी म्हणजे गणवेश हे हिंदीचं, आपल्याकडे वर्दी म्हणजे खबर.)

घणसोलीची : वर्दी झकास, पण हातातलं काम टाकून धावणं त्यात येत नाही, आणि इंटरप्टचा जीव त्यातच. शिवाय 'चुकलेली वर्दी' कोणी 'चुकीची वर्दी' अशी वाचेल. ते दुखणं वेगळं.

कळव्याचा : त्या वेगळ्या दुखण्याला मी 'बेवारस' म्हणतो. इंटरप्ट येतोय, पण एकही ड्रायव्हर 'माझा' म्हणत नाही. एक लाखात ९९,९०० हून जास्त असे निघाले की लिनक्स 'नोबडी केअर्ड' लिहून ती लाइनच बंद करतो. मग त्या लाइनवरच्या शहाण्या डिव्हाइसचेही हुकायला लागतात.

ऐरोलीकर : 'बेवारस' उचलला! टिपणात असं लिहिलंय : 'इंटरप्ट हूकला तरी काम झालेलं असू शकतं. टाइमआउट आला की रीसेट मारण्याआधी रांग बघा.' शेजारणीला दाखवलं. हसली नाही, फक्त 'हू' ऱ्हस्व करून दिला.