बोगदा होण्याआधी झोजिला

"झोजिलाचा बोगदा होतोच आहे, मग आता त्या चिखलात गाडी कशाला घालायची?" असं कुणी विचारलंय. मी म्हणतो, म्हणूनच आत्ता जा! पाकिस्तानशी काश्मीरसाठी युद्ध चालू असताना, 1 नोव्हेंबर 1948 ला, मेजर जनरल थिमय्यांनी श्रीनगर-लेह रस्त्यावरच्या याच खिंडीतून स्टुअर्ट नावाचे हलके रणगाडे नेले. जम्मूकडून येताना त्यांचे बुरूज (तोफ असलेला वरचा भाग) उतरवून, गुपचूप. मद्रास सॅपर्सनी, म्हणजे लष्कराच्या अभियंत्यांनी, आधी खेचरांची वाट रुंद केली होती. सुमारे 3,500 मीटरवर रणगाडा येईल हे शत्रूच्या ध्यानीमनीही नव्हतं. महूची लष्करी छावणी शेजारी असलेल्या आपल्या इंदूरकरांना तर हे ठाऊक हवंच.

आता गाडीचं. आपण साडेतीन हजार मीटरवरून जाणार. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांशच उरतो, त्यामुळे टर्बो (इंजिनात जास्त हवा दाबून भरणारं यंत्र) नसलेलं पेट्रोल इंजिन चढावर चांगलंच दमतं. अशा वेळी आधीच पहिला गिअर टाका, अर्धा क्लच दाबून रेटू नका. वास आला की समजा क्लच प्लेट जळतेय. उतारालाही खालचाच गिअर, ब्रेकवर पाय ठेवून बसायचं नाही. सराव हवा तर पावसाळ्यात महूजवळच्या जाम गेटचा घाट उतरून पाहा, पण झोजिलाला दरीकडची कड बऱ्याच ठिकाणी भुसभुशीत असते, तिथे चाक डोंगराकडेच ठेवा. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्या.

आणि खिंडीच्या श्रीनगरकडच्या बाजूच्या सोनमर्गहून पहाटेच निघा. दुपारी बर्फ वितळून ओहोळ रस्त्यावर येतात, त्यात ट्रकच्या चाकोऱ्या खोल होतात.