गाडीत नवा स्टिरिओ बसवायचा आहे, तारांबाबत तातडीने मदत हवी

गिरणाकाठ
आमच्या गाडीत आजवर कधीच टेप नव्हता, त्यामुळे डॅशबोर्डमागे तयार सॉकेट किंवा स्पीकरच्या तारा यांपैकी काहीच नाही. नव्या डेकमागे पिवळी, लाल, काळी, निळी आणि स्पीकरच्या आठ तारा आहेत. पिवळी व लाल एकत्र पिळून थेट बॅटरीला जोडल्या तर चालेल का, एवढेच विचारायचे आहे. चैत्र पौर्णिमेच्या आत काम व्हायला हवे, तेव्हा ‘दुकानात घेऊन जा’ असे कृपया कोणी सुचवू नये.

जुना वायरमन
गाडी कोणती, ते तुम्ही लिहिलेलेच नाही. ती बारा व्होल्टची आहे की चोवीस, हे कळल्याशिवाय कोणतीही तार कशालाही जोडू नये, कारण हे डेक बारा व्होल्टसाठी असतात.

केळीची पिकअप
मी रावेरहून केळी भरून पिकअप चालवतो. माझा सल्ला असा की, मोठ्या पडद्याचा डेक घेऊच नये. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात बंद गाडीतला पडदा इतका तापतो की बोटाचा स्पर्शही त्याला नीट कळत नाही. बटणांचा साधा डेक उत्तम.

गिरणाकाठ
डेक साधाच आहे आणि तो आधीच विकत घेतला आहे. गाडी कमांडर जीप, डिझेल, बारा व्होल्ट. प्रश्न तारांचा आहे.

जुना वायरमन
मग उत्तर असे : दोन्ही तारा एकत्र जोडल्यास डेक चालेल, परंतु गाडी उभी असतानाही तो थोडा करंट खात राहील आणि काही दिवसांत बॅटरी उतरेल. पिवळी तार डेकच्या स्मरणासाठी (वेळ, स्टेशने लक्षात राहण्यासाठी) असते, म्हणून ती फ्यूज लावून थेट बॅटरीवर घ्यावी आणि तो फ्यूज बॅटरीच्या टोकाजवळच असावा, म्हणजे वाटेत तार पत्र्याला घासली तरी आग लागणार नाही. लाल तार किल्लीनंतरच्या पुरवठ्यावर किंवा स्वतंत्र स्विचवर घ्यावी. काळी तार रंग खरवडून स्वच्छ केलेल्या पत्र्यावर बोल्टने घट्ट आवळावी. निळी तार एरिअल किंवा अँप्लिफायरसाठी असते. ती वापरणार नसाल तर टेप गुंडाळून सोडून द्या.

आबा पारोळेकर
इतका खटाटोप कशाला? आम्ही जीपमध्ये टेप बसवताना प्रत्येक स्पीकरला एकच तार नेत असू आणि दुसरे टोक बॉडीला देत असू. निम्मी तार वाचायची.

जुना वायरमन
आबा, त्या काळच्या पुष्कळ टेपांना ते चालत असे. आताच्या बहुतेक डेकमध्ये स्पीकरच्या दोन्ही तारांवर सिग्नल असतो. त्यांपैकी एक जरी पत्र्याला टेकली तरी आतील आयसी (आवाज वाढवणारी चिप) जळू शकते. पांढरी आणि काळ्या पट्टीची पांढरी ही एका स्पीकरची जोडी, आणि राखाडी, हिरवी व जांभळी यांचेही तसेच. चार जोड्या चार स्पीकरांना स्वतंत्रपणेच न्याव्यात.

आबा पारोळेकर
आमचा एकही टेप जळला नाही, एवढे नमूद करतो.

अमळनेरची पायवाट
चैत्र पौर्णिमेचा उल्लेख आहे म्हणून विचारतो, ही जीप सप्तशृंगीच्या पदयात्रेबरोबर जाणार आहे का?

गिरणाकाठ
हो, अर्थात. गाडी दिंडीच्या मागे चालेल आणि मुक्कामावर रात्री आरती व गाणी लावायची आहेत.

अमळनेरची पायवाट
हे आधी सांगायला हवे होते, कारण त्याने सगळे गणित बदलते. माणसाच्या चालीने जाणाऱ्या गाडीचे इंजिन जवळजवळ आयडलवरच, म्हणजे सर्वांत कमी गतीवर असते. त्या गतीला जुना डायनमो फारसे चार्जिंग देत नाही, आणि मुक्कामावर तर इंजिन बंदच असते. मोठ्या आवाजात डेकने सरासरी पाच अँपिअर घेतले, तर चार तासांत वीस अँपिअर-तास खर्च होतात. साठच्या बॅटरीचा हा तिसरा हिस्सा झाला, आणि पहाटे स्टार्टर मारायला तीच बॅटरी हवी असते. डेकसाठी वेगळी बॅटरी ठेवावी आणि ती मुक्कामावर चार्ज करून घ्यावी. शिवाय चार दारांच्या स्पीकरांचा आवाज रस्त्यावर दिंडीच्या पुढच्या टोकापर्यंत पोहोचणार नाही. त्यापेक्षा बारा व्होल्टचा अँप्लिफायर आणि एक भोंगा बरा.

केळीची पिकअप
भोंगा लावणार असाल तर रात्री दहा ते सकाळी सहा तो बंद ठेवावा लागतो, नियम तसा आहे. आणि त्याची तार सायलेन्सरजवळून नेऊ नका.

गिरणाकाठ
भोंगा नको, मंडळाचा आधीच आहे. दुसरी बॅटरी ट्रॅक्टरची मिळू शकते. मग पिवळी व लाल दोन्ही त्या वेगळ्या बॅटरीला एकत्र जोडल्या तर चालेल का, आणि फ्यूज किती अँपिअरचा लावू?

जुना वायरमन
वेगळ्या बॅटरीला चालेल, फक्त मध्ये एक स्विच घाला. डेक बॉडीला घट्ट बसवला असेल, तर काळी तार त्या बॅटरीच्या ऋण टोकाला नेऊन ते टोक जीपच्या बॉडीलाही जोडा. फ्यूज डेकच्या मागे जेवढा लिहिला असेल तेवढाच. दहा लिहिले असेल तर दहा. पंधराचा लावू नका, आणि फ्यूज गेला म्हणून तिथे तार तर मुळीच गुंडाळू नका. आता डेकची उंची सांगा. कमांडरच्या सपाट पत्र्यात पाच सेंटिमीटर उंचीचा खाचा कापायचा आहे की डेक खाली लोखंडी पट्टीवर टांगायचा आहे, त्यावर तारांची लांबी ठरेल.