जांभ्याच्या देवळातील ओल, बुरशी आणि लोणा

प्रश्न

आमच्या ग्रामदेवतेचे कौलारू देऊळ सिंधुदुर्ग जिल्ह्यात असून भिंती जांभ्याच्या आहेत. मागच्या जीर्णोद्धारात चुन्याचा गिलावा काढून सिमेंटचा करण्यात आला, आतून ऑइलपेंट दिला गेला आणि गाभाऱ्यात कमरेच्या उंचीपर्यंत चकचकीत टाइल्स बसवल्या गेल्या. आता श्रावणात रंगाला फुगे येतात, टाइल्सच्या वरच्या कडेला काळी बुरशी धरते आणि दिवाळीनंतर त्याच जागी पांढरा लोणा, म्हणजे क्षारांचा थर, फुटतो. बाहेरून वॉटरप्रूफिंग करावे, असे देवस्थान समितीतील काहींचे मत आहे. ते योग्य होईल का?

उत्तर १

वॉटरप्रूफिंग तूर्त करू नये. जांभा सच्छिद्र असतो. तो जमिनीतील ओल वर ओढतो आणि ती पूर्वी चुन्याच्या गिलाव्यातून वाफेच्या रूपाने निघून जात असे. सिमेंट, ऑइलपेंट आणि टाइल्स यांनी ती वाट अडवल्यामुळे पाणी टाइल्सच्या मागून वर चढते आणि जेथे मोकळी जागा मिळते तेथे क्षार मागे ठेवून सुकते. बाहेरचीही वाट बंद केली, तर ओल आणखी वर जाईल.

आधी पाणी कोठून येते ते शोधावे. फुटकी कौले कोणालाही दिसतात. पण जोत्यावर उडणारे पागोळ्यांचे पाणी, देवळाभोवती अगदी भिंतीला भिडवून घातलेले काँक्रीट आणि अभिषेकाच्या पाण्याचा तुंबलेला निचरा यांकडे सहसा कोणी पाहत नाही. गाभाऱ्यातच बुरशी असल्याने माझा पहिला संशय या निचऱ्यावर आहे. तो मोकळा करून टाइल्स काढाव्यात, भिंत पूर्ण उन्हाळाभर सुकू द्यावी आणि मगच चुन्याचा गिलावा व चुन्याची सफेदी करावी. देऊळ संरक्षित स्मारक असल्यास पुरातत्त्व विभागाच्या परवानगीविना यांतले काहीही करता येणार नाही.

प्रश्नकर्ता

आभारी आहे. गिलावा काढून जांभा उघडाच ठेवावा, तो शोभूनही दिसेल, अशीही एक सूचना आली आहे.

उत्तर २

मी गोव्यात राहतो. जुन्या गोव्यातील बॉम जेझस बासिलिका १६०५ मध्ये पूर्ण झाली आणि तिच्या भिंतींवर साडेतीन शतके गिलावा होता. १९५० च्या दशकात तो काढून जांभा उघडा करण्यात आला. त्या तांबूस भिंती आज पर्यटकांना आवडतात, परंतु पावसाने दगड झिजतो आहे आणि पुन्हा गिलावा करण्याची मागणी तेथील धर्मगुरूंनीच केलेली आहे. शोभेसाठी आपण तो मार्ग धरू नये.

उत्तर ३

चुन्याचे काम होईपर्यंतचे सांगतो. बुरशी कोरडी असताना मऊ ब्रशने हलकेच काढावी व तोंडाला मास्क लावावा. ब्लीचिंग पावडर वापरू नये, कारण तिचे क्षार दगडात उरतात. गाभाऱ्याचे दार सतत उघडे ठेवण्याचा सल्ला सरसकट पाळू नये. पावसाळी दमट हवा थंड दगडावर आली की तेथेच पाणी सुटते, म्हणून उघडीप असेल तेव्हाच हवा खेळू द्यावी. झडीच्या बाजूला मात्र पूर्वीप्रमाणे माडाच्या चुडतांचे झाप भिंतीपासून थोडे अंतर सोडून बांधावेत. हा खर्च समितीला जड जाणार नाही.