पैसा सरकारचा, पण संशोधनाचा प्रश्न कोणी ठरवायचा?

अनघड:
फेब्रुवारी २०२० मध्ये केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने ‘सूत्र-पिक’ योजना जाहीर केली. देशी गाईचं दूध, शेण, गोमूत्र यांच्या उपयोगांवर प्रस्ताव मागवले. ती मागे घ्या म्हणून ५०० हून जास्त शास्त्रज्ञांनी सह्या केल्या. गाईवर संशोधनच नको, असं त्यांचं म्हणणं नव्हतं. देशी गाईची उत्पादनं खास आहेत हे आधीच धरून चालल्याचं त्यांना खटकलं. उत्तर ठरलेलंच असेल तर प्रयोग कशाला करायचा?

आता संशोधनाला पैसा देणारी केंद्राची संस्था, अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन, आलीय. २०२३ च्या कायद्यानुसार नियामक मंडळाचे अध्यक्ष पंतप्रधान, उपाध्यक्ष दोन केंद्रीय मंत्री. पंतप्रधान कुठल्याही पक्षाचे असोत, मला ही रचना पटत नाही. किती पैसा द्यायचा ते सरकारने ठरवावं. कुठल्या प्रस्तावाला द्यायचा, ते त्या विषयातल्या लोकांनी.

जुन्नरकर:
साफ असहमत. पैसा करदात्यांचा आहे, मग निवडून आलेल्या सरकारने दिशा दिली तर बिघडलं कुठे? आमच्या पुणे जिल्ह्यात, खोडद आणि आसपासच्या भागात जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ३० अँटेना आहेत, एकेक ४५ मीटर व्यासाची. कुठला कारखानदार उभारणार होता त्या? सरकार होतं म्हणून झालं. आणि ‘विषयातले लोक’ म्हणजे कोण? तिथेही आपापल्या गटातल्यांना सांभाळून घेणं चालतंच.

अनघड:
जुन्नरकर, जीएमआरटीचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. कल्पना गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांची, पैसा सरकारचा. आजही दुर्बिणीवर वेळ हवा असेल तर प्रस्ताव पाठवावा लागतो आणि शास्त्रज्ञांची समिती निवड करते. आकाशात काय बघायचं हे मंत्रालय सांगत नाही, म्हणून तर तिथे जगभरचे खगोलशास्त्रज्ञ येतात.

उलटं झालं की काय होतं ते अमेरिकेत दिसलं. हार्वर्ड तर खासगी विद्यापीठ. एप्रिल २०२५ मध्ये सरकारच्या मागण्या धुडकावल्या आणि लगेच २.२ अब्ज डॉलरचं अनुदान गोठलं. सप्टेंबरमध्ये न्यायाधीशांनी ते बेकायदा ठरवलं, पण तोवर चालू प्रयोगांची व्हायची ती परवड झालीच.

उणे वीस:
मी पीएचडी करतेय, जीवशास्त्रात. तुमचा वाद महत्त्वाचा आहे, पण आमच्यावर दबाव येतो तो वेगळ्याच वाटेने. जेआरएफ, म्हणजे पीएचडीसाठीची शिष्यवृत्ती, कागदावर महिना ३७,००० रुपये आहे, पण महिनोन्‌महिने येत नाही आणि मग एकदम जमा होते. तोवर घरभाडं घरच्यांकडून. अनुदान वर्षअखेरीला येतं आणि ३१ मार्चच्या आत खर्च दाखवायचा असतो, नाहीतर यूसी (पैसा वापरल्याचं प्रमाणपत्र) अडकते. मग उणे २० अंशांत ठेवायची एन्झाइम्स घाईघाईने मागवतो, मुदत संपली की फेकतो. अशात धाडसी विषय कोण घेणार? गाइड सांगतात, हमखास पेपर निघेल तेच कर. कुठल्या मंत्र्याला काही सांगावंच लागत नाही.

जुन्नरकर:
ताई, हे मात्र शंभर टक्के मान्य. पण अनघड, समित्या नेमतं कोण? सरकारच ना?

अनघड:
हो, आणि खरी मेख तिथेच आहे. म्हणून नेमणुकांची मुदत ठरलेली हवी, मधेच कोणाला काढता येऊ नये. नाकारलेल्या प्रत्येक प्रस्तावावरचा शेरा अर्जदाराला लेखी मिळावा. आणि उणे वीस म्हणतात तसं, मंजूर पैसा वर्षाच्या सुरुवातीलाच खात्यात पडला पाहिजे.