घाना: बालवर्गातली स्त्री-पुरुष समानता मोजायची कशी?

वैदेही

घानाच्या पूर्वप्राथमिक शिक्षणाबद्दल वाचताना एक निर्देशांक पुन्हा पुन्हा भेटतो: पात्रताधारक शिक्षकांमधली स्त्री-पुरुष समानता. असा निर्देशांक १ च्या आसपास दिसला की 'समानता साधली' असं बिनदिक्कत लिहिलं जातं. त्याला माझा विरोध आहे.

शिक्षिका किती आणि शिक्षक किती, हे हा आकडा सांगतच नाही. शिक्षिकांपैकी किती टक्के पात्र आणि शिक्षकांपैकी किती टक्के पात्र, हे काढायचं आणि पहिल्या टक्केवारीला दुसरीने भागायचं, एवढंच. ०.९७ ते १.०३ म्हणजे समानता, असं युनेस्को धरते. समजा, एका तालुक्यात ९० शिक्षिका आणि १० शिक्षक आहेत. त्यातल्या ५४ शिक्षिका पात्र, ६ शिक्षक पात्र. निर्देशांक बरोबर १! आणि शंभरातले ४० जण अपात्र.

घानाने २००७ च्या सुधारणेत चार-पाच वर्षांच्या मुलांसाठी दोन वर्षांची केजी मोफत आणि सक्तीच्या शिक्षणात आणली. पट इतका वाढला की एकूण नोंदणीचं प्रमाण शंभर टक्क्यांच्या वर गेलं, कारण त्या वयात न बसणारी मुलंही त्याच वर्गांत असतात. अशा ठिकाणी शिक्षकांची संख्या, पगार आणि अपात्रांचं प्रमाण शेजारी न मांडता नुसता निर्देशांक छापणं मला अन्यायाचं वाटतं.

सह्यकडा

असहमत. निर्देशांकाला जो प्रश्न विचारलाय त्याचं उत्तर तो नीट देतो. बायकांना नोकरी मिळते, पण पात्रता मिळवायची वाट त्यांना बंद आहे का, हा तो प्रश्न. आकडा ०.८ वर घसरला तर उत्तर लगेच कळतं.

घानात अप्रशिक्षित शिक्षकांसाठी दूरशिक्षणाची पदविका होती. शाळेत शिकवत राहायचं, सुट्टीत महाविद्यालयात जाऊन तास करायचे. लेकुरवाळ्या बाईला तीन वर्षं वसतिगृहात राहणं कुठून जमणार? तिला हे जमू शकतं. अशा योजना बायकांपर्यंत पोचल्या की पुरुषच पुढे गेले, हे नुसत्या संख्येवरून कसं कळेल?

टेमाकर

मी अक्राजवळ टेमा बंदराच्या शहरात राहतो, मुलगी इथल्याच एका खासगी नर्सरीत होती. शिकवणाऱ्या सगळ्या माध्यमिक शाळा संपवून नुकत्याच आलेल्या तरुण मुली. प्रेमळ होत्या, पण पगार इतका तुटपुंजा की वर्षाच्या मध्येच सोडून जायच्या.

२०१५-१६ मध्ये अक्रा परिसरातल्या २४० सरकारी आणि खासगी शाळांत एक मोठा प्रयोग झाला. केजीच्या शिक्षकांना नोकरीतच प्रशिक्षण आणि वर्गात येऊन मार्गदर्शन दिलं. वर्गातलं वातावरण सुधारलं, मुलांची तयारीही थोडी वाढली. जिथे सोबत पालकांच्या जागृती-सभा घेतल्या, तिथे मात्र मुलांचा हा फायदा टिकला नाही. मला यातून दिसतं ते हे, की कागदावरची पात्रता आणि वर्गातलं शिकवणं यांच्यात बरंच अंतर आहे. ते या निर्देशांकात नाही आणि वैदेहींच्या संख्येतही नाही.

अंगणवाडीताई_कऱ्हाड

संख्येतही समानता हवी म्हणजे बालवर्गात पुरुष आणायचे, असंच ना? मुळात पुरुष हवेतच कशाला? गावातल्या बाईला हक्काची नोकरी मिळायची ठिकाणं आधीच मोजकी. त्यात पुरुष आले की चार वर्षांत मुख्याध्यापक होऊन बसतील आणि मुलांचं नाक पुसायला बाईच राहील. आमच्याकडे सेविका आणि मदतनीस बायकाच असतात, आणि ते मला योग्य वाटतं.

वैदेही

ताई, तुमच्या कष्टांबद्दल पूर्ण आदर ठेवून विचारते: तुम्हाला वेतन नाही, 'मानधन' मिळतं, ते का? हे काम बायकांचं म्हणून बाजूला काढलं, त्याचाच हा परिणाम आहे. भावनगरच्या बालमंदिरात बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका मुलांमध्ये रमले, ताराबाई मोडक त्यांच्याबरोबर काम करत होत्या. कुणाची जागा गेली नाही.

सह्यकडा

पण घानाची गोष्ट इथेच वेगळी पडते. तिथे सरकारी शिक्षकाचा पगार श्रेणीवर ठरतो, इयत्तेवर नाही. त्याच श्रेणीतला प्राथमिकचा आणि केजीचा शिक्षक सारखंच घेतो. तरी पुरुष केजीकडे फारसे फिरकत नाहीत, म्हणजे अडचण निव्वळ पैशाची नाही. लहान मुलांना सांभाळणं हे शिकवणंच मानलं जात नाही, अडचण ही आहे.

टेमाकर

सरकारी शाळांपुरतं मान्य. खासगीत ती श्रेणी लागू नाही, आणि शहरांत केजीची बरीच मुलं खासगीतच आहेत.

अंगणवाडीताई_कऱ्हाड

वैदेही, मानधनाचं दुखणं खरं आहे. त्यावर उपाय म्हणून आम्हाला वेतनश्रेणी द्या. पुरुष आल्यावरच कामाला किंमत येणार असेल तर ती मला नको.

वैदेही

हे मी खोडून काढणार नाही. घानाबद्दल माझी खरी काळजी वेगळीच आहे. २०१८ पासून तिथल्या अध्यापक महाविद्यालयांत तीन वर्षांच्या पदविकेऐवजी चार वर्षांची पदवी आली. उद्या पात्रतेची रेषा पदवीवर नेली तर पंचवीस वर्षं केजी सांभाळलेल्या पदविकाधारक बायका एका रात्रीत 'अपात्र' ठरतील, आणि निर्देशांक घसरल्याचा दोषही त्यांच्याच माथी येईल.

सह्यकडा

तसं झालं तर ती घसरण दाखवणारा आकडा हाच असेल. म्हणून तर तो हवा.