हिवाळी कुरवांचे (सीगल पक्ष्यांचे) थवे संध्याकाळी कसे पाहावेत?

प्रश्न: रंकाळ्यावरचे बगळे आणि पाणकावळे आम्हां कोल्हापूरकरांच्या ओळखीचे आहेत, परंतु आंबा घाट उतरून रत्नागिरीच्या किनाऱ्यावर सायंकाळी मुक्कामाला जमणारे कुरव पाहायचे असल्यास केव्हा जावे आणि त्यांच्या जाती कशा ओळखाव्यात?

उत्तर १: जानेवारीत सूर्यास्तापूर्वी तासभर आधी पोहोचावे. हिवाळ्यात डोक्याचा गडद रंग जाऊन कानामागे केवळ ठिपका उरत असल्याने पंखच पाहावे लागतात: तपकिरी डोक्याच्या कुरवाच्या काळ्या पंखटोकांत पांढरे ठिपके असतात व डोळा फिकट असतो, तर काळ्या डोक्याच्या कुरवाच्या पंखाची पुढची कड पांढरी दिसते.

उत्तर २: मावळतीच्या उजेडासमोर सगळेच काळे दिसतात (माझी पहिली खेप अशीच वाया गेली), त्यामुळे सूर्य पाठीशी राहील अशी जागा निवडावी आणि वाळूवर बसलेल्या थव्यात शिरू नये.