एकास एक उमेदवार दिला की झालं? विरोधकांच्या युतीवर थोडं रोखठोक

अंत्रुजी (फोंडा):
परवा इथं एकानं लिहिलं: "2027 च्या विधानसभेला सगळ्या विरोधकांनी चाळीसही मतदारसंघांत एकास एक उमेदवार द्यावा, सरकार आणावं आणि पहिल्याच अधिवेशनात 'ज्याला जास्त मतं तो आमदार' ही पद्धत मोडून टाकावी. दोन तृतीयांश गोवा भाजपच्या विरोधात आहे, फक्त बेरीज करायचीय." वाचून डोकंच उठलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

2022 ला भाजपला 33 टक्के मतं आणि 20 जागा मिळाल्या, हे खरं. पण उरलेले 67 टक्के एका गोणीत भरता येत नाहीत. त्यातले साडेसात टक्के महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचे, म्हणजे मगोचे. मगो तृणमूलचा हात धरून भाजपविरोधात लढला आणि निकाल लागताच पाठिंब्याचं पत्र घेऊन भाजपच्याच दारात उभा राहिला. आमच्या फोंड्यात मगोचा उमेदवार 77 मतांनी पडला. भाजप नको म्हणून माझं मत त्याला होतं. तो जिंकला असता तर माझंच मत भाजपच्या सरकारात जाऊन बसलं असतं. मग मी मत दिलं तरी कोणाला?

आणि जे निवडून आले ते टिकले का? जानेवारी 2022 मध्ये काँग्रेसच्या उमेदवारांनी पणजीची महालक्ष्मी, बांबोळीचा खुरीस (क्रूस) आणि बेतीचा दर्गा, तिन्ही ठिकाणी शपथ घेतली, पक्ष सोडणार नाही म्हणून. 14 सप्टेंबरला अकरातले आठ भाजपमध्ये. आठच का? संविधानाचं दहावं परिशिष्ट, म्हणजे पक्षांतरबंदी कायदा, दुसऱ्या पक्षात विलीन व्हायला दोन तृतीयांश आमदार मागतं. अकराचे दोन तृतीयांश म्हणजे सात आणि वर थोडं, म्हणून आठ. 2019 ला पंधरातले दहा गेले, तेही असेच मापून. हे भोक बुजवल्याशिवाय युती करणं म्हणजे गळक्या घागरीनं पाणी भरणं.

राहिली मतदानाची पद्धत. विधानसभेची निवडणूक कशी व्हावी हे पर्वरीतल्या आपल्या विधानसभेत ठरत नाही. त्यासाठी संविधानाचं कलम 170 आणि लोकप्रतिनिधित्व कायदा बदलावा लागतो, आणि ते संसदेचं काम. "पहिल्याच अधिवेशनात" लिहिणाऱ्यानं एवढं तरी वाचायचं होतं.

नावेलीकर:
अंत्रुजी, कायद्याचं मान्य. पण पडलेल्याचं दुःख तुम्हालाच कळतं असं समजू नका. 2022 ला नावेलीत भाजप पहिल्यांदा जिंकला, 430 मतांनी. दुसऱ्या नंबरवर तृणमूल. काँग्रेस आणि आप दोघेही वेगळे उभे. मी त्या दिवशी पोलिंग एजंट होतो. शाळेच्या वर्गात आम्ही तिघं विरोधी पक्षांचे एजंट एकाच बाकावर. तिघंही एकाच वाड्यावरचे, दुपारी एकाच डब्यातलं शीतकडी खाल्लं. संध्याकाळी मतांच्या हिशोबाच्या 17 सी फॉर्मवर एकाखाली एक सह्या केल्या. घरी येताना एकाच स्कूटरवर दोघं. आणि मतं मात्र तीन पेट्यांत. त्या बाकावर बसून मला जे कळलं ते नेत्यांना कळत नाही, याचाच मला राग आहे.

2024 च्या लोकसभेला कळलं. दक्षिण गोव्यात आप लढला नाही, काँग्रेसच्या मागे उभा राहिला आणि काँग्रेसचे कॅप्टन विरियातो फर्नांडिस 13,535 मतांनी आले. युती चालत नाही कोण म्हणतो?

अंत्रुजी (फोंडा):
भाई, ती जागा 2019 लाही काँग्रेसचीच होती, 9,755 मतांनी. तेव्हा आप वेगळा लढला होता. उत्तरेत काय झालं तेही सांगा ना. भाजपच्या श्रीपादभाऊ नाईकांची आघाडी 1 लाख 16 हजारांची. आरजीची (रिव्होल्युशनरी गोवन्स पक्षाची) सगळी मतं काँग्रेसच्या पारड्यात टाकली तरी फरक पडत नव्हता.

पेडण्याचा पोरगा:
आरजीचं नाव निघालंच आहे तर ऐका. 2022 ला आम्हाला 9 टक्क्यांवर मतं आणि आमदार एक, तोही सांतआंद्रेत 76 मतांनी. आप पक्षाला आमच्यापेक्षा कमी मतं आणि आमदार दोन. त्यामुळे पद्धत बदला, हे आमच्याइतक्या मनापासून कोणी म्हणणार नाही. पण युतीत या म्हणणारे आमच्या जमिनीबद्दल काय बोलतात? मोपाच्या विमानतळाला आमच्या काजूच्या बागा गेल्या. आजी सकाळी बोंडू वेचायला जायची तिथं आता कुंपण आहे, पलीकडे धावपट्टी. तो प्रकल्प पुढं रेटण्यात एकट्या भाजपचा हात नव्हता. ज्यांनी आमच्या तालुक्याला विकायला काढलं त्यांच्याच चिन्हावर आता शिक्का मारा म्हणता?

केपेंचा मास्तर:
हे सगळं वरवरचं. युती होत नाही याचं खरं कारण कोणी लिहित नाही म्हणून मी लिहितो. कारण भाषा.

4 फेब्रुवारी 1987 ला राजभाषा कायदा झाला. कोकणी राजभाषा, आणि मराठीला "वापरता येईल" एवढंच. त्या दिवसापासून मराठी माणूस कुठल्याच विरोधी आघाडीवर विश्वास ठेवत नाही, कारण कोकणीवाल्या सासष्टी तालुक्याची मतं जातील या भीतीनं एकही आघाडी मराठीचं नाव काढत नाही. मी सरकारी मराठी शाळेत एकतीस वर्षं शिकवलं. निवृत्तीच्या वर्षी पहिलीत चार मुलं होती. त्यातली दोघं परप्रांतीय मजुरांची, आणि तीच सगळ्यात छान मराठी वाचायची. आधी मराठी राजभाषा लिहून द्या, मग एकास एकच्या गोष्टी करा.

नावेलीकर:
मास्तर, धागा निवडणुकीचा आहे. दर वेळी तेच?

केपेंचा मास्तर:
दर वेळी तेच, कारण दर वेळी उत्तर मिळत नाही. तुम्ही घरात कोकणी बोलता, देवळात आरती मराठीत म्हणता, आणि हक्काचा विषय निघाला की धागा निवडणुकीचा!

नावेलीकर:
मी कुठं आणि कुठल्या भाषेत प्रार्थना करतो हे तुम्हाला कोणी सांगितलं? माझ्या घरी ख्रिस्ताचा आल्तार आहे, मास्तर. मराठी मी तुमच्यासारख्याच एका मास्तरांकडे शिकलो आणि आवडीनं लिहितो. मला न विचारता माझी आरती ठरवलीत, याचं वाईट वाटलं.

केपेंचा मास्तर:
ते चुकलं. आरतीचं वाक्य मागे घेतो. बाकीचं नाही.

सत्तरीची सून:
मास्तर, रागावू नका, पण भाषेमुळे युती होत नाही हे मला पटत नाही. माझे आजेसासरे पक्के विलीनीकरणवादी, गोवा महाराष्ट्रात जावा म्हणणारे. 16 जानेवारी 1967 च्या जनमत कौलात शिक्का विलीनीकरणाच्या फुलावर. त्यांचे सख्खे धाकटे भाऊ दोन पानांवाले, गोवा वेगळा ठेवा म्हणणारे. 1,38,170 विरुद्ध 1,72,191, हे आकडे आमच्या घरात मुलांच्या वाढदिवसासारखे पाठ आहेत. दोघा भावांनी चवथीला गणपतीच्या एकाच माटोळीखाली बसून वर्षभर एकमेकांशी शब्द काढला नाही. पण पुढचं ऐका. कौलानंतर दोनच महिन्यांनी, मार्चमध्ये विधानसभा झाली, तेव्हा त्या दोन पानांवाल्या भावानंही मत भाऊसाहेब बांदोडकरांच्या मगोला दिलं. कूळ होता तो, जमीन कोण देईल ते त्याला कळत होतं. विलीनीकरण हरलं आणि बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री झाले. लोकांना दोन प्रश्न वेगळे ठेवता येतात. नेत्यांना येत नाहीत.

आणि मूळ मुद्दा. माझं माहेर सावंतवाडी. 2024 च्या जूनमध्ये भाऊ महाराष्ट्र विधान परिषदेच्या कोकण पदवीधर मतदारसंघात मतदान करून आला. केंद्रावरचं जांभळं स्केच पेन घ्यायचं, आवडत्या उमेदवारासमोर 1, मग 2, मग 3. कोणालाच निम्म्याहून जास्त मतं नसली तर खालच्यांची मतं पुढच्या पसंतीला जातात. नावेलीत असं असतं तर त्या बाकावरचे तिघं वेगळे लढले असते तरी 430 चा प्रश्नच आला नसता. युती मतदारानंच केली असती, मतपत्रिकेवर. आमचे आमदार राज्यसभेला असंच पसंतीचं मत देतात. ते त्यांना झेपतं, मग आम्हाला का नाही?

अंत्रुजी (फोंडा):
बाय, पसंतीक्रम मलाही पटतो, पण देणार कोण? कॅनडात जस्टिन ट्रूडोनं 2015 च्या प्रचारात सांगितलं, जुन्या पद्धतीची ही शेवटची निवडणूक. बहुमत मिळालं आणि 2017 च्या फेब्रुवारीत सगळं बासनात. ज्या शिडीनं माणूस वर चढतो ती तो स्वतः कापत नाही.

नावेलीकर:
न्यूझीलंडनं कापली. 1993 ला सार्वमत घेतलं आणि 1996 ला नव्या पद्धतीनं मतदान केलं. तिथं लोकांनी थेट ठरवलं, म्हणून झालं. आपल्याकडे संसदेत मागणी करायला तरी कोणीतरी आधी जिंकून जायला नको का? तुमचं म्हणणं ऐकलं तर आपण 2027 लाही त्याच बाकावर तिघं बसणार.

अंत्रुजी (फोंडा):
बरं. नाइलाजानं एवढंच मानतो: जिथं फरक हजाराच्या आत होता तिथं एकच उमेदवार द्या. साखळीत खुद्द मुख्यमंत्री 666 मतांनी आलेत. पण उमेदवारी अर्ज भरायच्या आधी कागद हवा. निकालानंतर कोणाला पाठिंबा देणार आणि कोणाला नाही, प्रत्येक पक्षाच्या अध्यक्षाच्या सहीनिशी, पेपरात छापून. कायद्यानं तो टिकणार नाही हे मला माहीत आहे. पण दारात मत मागायला येईल त्याच्या तोंडावर धरता येईल. मगोची सही असेल तर माझं मत नाही.

केपेंचा मास्तर:
त्या कागदावर मराठीची एक ओळ घाला, मी केपेंत दारोदार फिरतो. वय एकाहत्तर आहे, तरी फिरतो.

पेडण्याचा पोरगा:
आणि जमिनीची. ती ओळ नसेल तर आम्ही वेगळेच उभे राहणार, मग 76 मतांनी जिंकू नाहीतर 76 मतांनी कोणाला पाडू.